अकरावा रकाना

दादाचं पत्र आलं तेव्हा मला त्यात सगळ्यात आधी दिसली ती ऱ्हस्व-दीर्घाची चूक. छातीचं ‘दूखणं’ वाढलंय, असं त्याने लिहिलं होतं आणि माझ्या हातात लाल पेन होतंच. मी तो उकार दुरुस्त केला. मग वाक्य पुन्हा वाचलं आणि माझी मलाच लाज वाटली.

एकतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासतेय. शाळेची पुस्तकं, लग्नपत्रिका, औषधांच्या डब्यातली घडीची पत्रकं, जे येईल ते. दुकानाची पाटी चुकीची दिसली तर मी आत जाऊन सांगते. लोक वैतागतात, वैतागू देत. दादा मला लहानपणापासून खोडरबर म्हणतो. पत्राचा मायनाही तोच होता. ‘चि. खोडरबर, छातीचं दुखणं वाढलंय. इथले डॉक्टर खाली जा म्हणतात, मी काही खाली येत नाही. रस्ता बंद व्हायच्या आत एकदा ये. एकटीच ये.’

संपलं पत्र. हवामानाच्या नोंदींच्या कोऱ्या तक्त्यामागे लिहिलं होतं आणि पोचायला एकोणीस दिवस लागले होते.

दादा राहतो फाटकापलीकडे. नकाशात त्या भागाला निर्बंधित प्रदेश असं भारदस्त नाव आहे, पण आमच्याकडे सगळे फाटकापलीकडेच म्हणतात, कारण घाटाच्या तोंडाशी खरंच एक लोखंडी फाटक आहे आणि तिथे परवाना बघितल्याशिवाय कोणालाही सोडत नाहीत. दादा तिथल्या हवामान केंद्रावर दोन वर्षांसाठी गेला होता. दोनाची चार झाली, चाराची सोळा. मध्ये तो निवृत्त झाला तरी तिथेच राहिला. तिथे फोन लागत नाही. बर्फ पडायला लागलं की फाटक सहा महिने बंद होतं, आणि यंदा ते बंद व्हायला दहाच दिवस उरले होते.

सहा महिने थांबू शकेल अशा माणसाचं ते अक्षर नव्हतं. मी अक्षरं बघूनच म्हातारी झालेय, मला कळतं. शेवटच्या ओळीत हात थरथरला होता. गुरुवारी दुपारी पत्र वाचलं आणि तेव्हापासून मी धड बसले नाही, धड जेवले नाही. छापखान्यात दोन पानं तपासताना तीन वेळा उठून खिडकीशी गेले. शेवटी मालक म्हणाले, ‘‘बाई, घरी जा. तुमच्याकडे बघून मलाच चक्कर येतेय.’’

परवाना मिळवायचे दोन रस्ते असतात. सहलवाल्यांबरोबर गेलात तर तो चुटकीसरशी मिळतो, पण त्यांची गाडी तळ्यापर्यंत जाते, फोटो काढते आणि परत येते. दादाचं गाव त्याच्याही पुढे. तिथे जायचं तर ‘स्वतंत्र प्रवासी’ म्हणून अर्ज करायचा, आणि स्वतंत्र प्रवासी म्हटलं की त्या कार्यालयात तुमच्याकडे असं बघतात जणू तुम्ही घरातून पळून आलाय.

शुक्रवारी दहाच्या ठोक्याला मी तिथे हजर होते. कार्यालय पहिल्या मजल्यावर, खाली टायरचं दुकान, त्यामुळे वरच्या बाकांनाही रबराचा वास. चार खिडक्यांपैकी तीन सहलवाल्यांच्या. ते तीस-तीस अर्जांचे गठ्ठे घेऊन यायचे, खिडकीतल्या लोकांना नावाने हाका मारायचे आणि हसत परत जायचे. चौथी खिडकी आमची. तिच्यामागचा चष्मेवाला नुसता कागद घ्यायचा, मान वर न करता.

फॉर्म हातात पडला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका पानात चौदा चुका. ‘परवान्याची मूदत’, ‘प्रवाशाची साही’. मी अर्धा तास त्या चुका सुधारण्यात घालवला, समासात खुणा करकरून. मग भरायला घेतला. नाव, वय, व्यवसाय, कुठे, कशासाठी, किती दिवस. अकराव्या रकान्यात एकच शब्द होता, ‘सोबत’, आणि त्यापुढे दोन बोटं मावतील एवढी जागा. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘कोणी नाही’. बारावी सही. झालं. मागचं पान मी उलटून बघितलं नाही. पुढच्या पानाचीच एवढी दैना, मागे काय दिवे लावले असणार, असं वाटलं.

शनिवार-रविवार सुट्टी. ते दोन दिवस कसे काढले ते विचारू नका. मी घरातली सगळी कपाटं आवरली आणि पुन्हा विस्कटली.

सोमवारी माझा अर्ज परत आलेल्या कागदांच्या ट्रेमध्ये पडलेला होता. वर लाल शाईत तिरका शेरा: ‘सोबत नाही. परत.’ खिडकी बंद होती. आतले लोक बैठकीला गेले होते आणि बैठक संध्याकाळपर्यंत चालणार होती.

मी काय समजायचं ते समजले. त्रेपन्न वर्षांची बाई एकटी नको, सोबत आण. संताप झाला, पण संताप करायलाही दिवस हाताशी हवेत. माझ्याकडे पाच होते. अर्ज पिशवीत कोंबला आणि माणूस शोधायला निघाले.

पायाला भिंगरी लावल्यासारखी दोन दिवस फिरले. मामेभावाने मुलीच्या परीक्षेचं कारण सांगितलं, मुलगी नोकरीला लागून तीन वर्षं झाली आहेत. शाळेतली मैत्रीण यायला एका पायावर तयार होती, फक्त तिला सकाळी आंघोळीला गरम पाणी, रात्री मऊ उशी आणि उलटी होणार नाही असा रस्ता हवा होता. खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणाली, ‘‘येते की. पुढच्या महिन्यात चालेल?’’ छापखान्यात विचारलं तर सगळ्यांनी एकाच वेळी यंत्रं सुरू केली.

बुधवारी संध्याकाळी एकच दार उरलं होतं, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. वहिनीचं.

आमचं बोलणं चौदा वर्षं बंद होतं. दादा फाटकापलीकडे गेला तेव्हा ती बरोबर गेली नाही. तिची शाळेच्या कार्यालयातली नोकरी होती, अंथरुणाला खिळलेली आई होती. दादाने मुदत वाढवून घेतली तेव्हा मी तिच्या तोंडावर म्हणाले होते, ‘‘माझ्या भावाला तुम्ही घालवलंत.’’ ती एक शब्दही बोलली नाही, आणि मला तेच तिचं कबूल करणं वाटलं. त्यानंतर आम्ही फक्त मयताला भेटायचो, तेही दोन टोकांना उभ्या राहून.

तिने दार उघडलं आणि बाजूला झाली. खोली लहान, नीटनेटकी. टेबलावर फायलींची चळत. निवृत्त होऊनही ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज लिहून देते, हे मला कोणीतरी सांगितलं होतं. मी बसले नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, दादाची तब्येत, रस्ता, परवाना, आणि माणूस सोबत असल्याशिवाय ते सोडत नाहीत हे.

‘‘तुम्ही याल का?’’ मी विचारलं.

‘‘येईन,’’ ती म्हणाली. एवढंच. मी तयार करून आणलेली चार वाक्यं तोंडातच राहिली.

‘‘ह्यांनी बोलावलंय का?’’ तिने विचारलं. सोळा वर्षांनीही ती दादाला ‘हे’च म्हणत होती.

‘‘हो. आपल्याला,’’ मी म्हणाले. ‘एकटीच ये’ हे शब्द माझ्या पिशवीत घडी घालून ठेवलेले होते. पण माणूस मिळाला नाही तर मीही जाऊ शकत नव्हते, आणि फाटकापलीकडे गेल्यावर काय सांगायचं ते तिथे बघू, असं मी ठरवून टाकलं होतं.

तिने माझा परत आलेला अर्ज मागून घेतला. खिडकीशी नेऊन बघितला, उलटला, मागचं पान वाचलं. मग म्हणाली, ‘‘अगं, हे सोबतचं जे आहे ना…’’

‘‘सोबतचं मला कळलंय, वहिनी. म्हणून तर तुमच्या दारात आले. शब्दांवरच पोट भरतेय मी, मला शब्द शिकवू नका.’’

तिने अर्ज माझ्या हातात दिला. ‘‘बरं. मी उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जातेय. तुझं झालंय ना?’’

माझं डोकं त्या वेळी बसच्या वेळापत्रकात होतं. वाटलं, तिची काही गुडघ्याबिडघ्याची तक्रार असेल. ‘‘माझं सगळं झालंय,’’ मी म्हणाले आणि काढता पाय घेतला.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघी चौथ्या खिडकीसमोर उभ्या होतो. शेवटची बस शनिवारी पहाटे सहाची होती. रविवारी फाटक बंद. वहिनी चालायला सोप्या चपला घालून आली होती आणि हातात एक फाईल होती. मी माझा अर्ज पुढे सरकवला. अकराव्या रकान्यातलं ‘कोणी नाही’ खोडून तिथे तिचं नाव लिहिलं होतं.

चष्मेवाल्याने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

‘‘हे काय आहे?’’

‘‘माझी सोबत. या माझ्या वहिनी.’’

‘‘बाई, सोबत म्हणजे माणूस नाही हो. सोबत म्हणजे जोडलेले कागद. फोटो दोन, ओळखपत्राची प्रत आणि सरकारी दवाखान्याचा दाखला, उंचीवर जायला हरकत नाही असा. मागच्या पानावर यादी आहे.’’

मी फॉर्म उलटला. यादी होती. बारीक टायपात, पण होती, आणि मथळाही होता, ‘सोबत जोडावयाची कागदपत्रे’. त्यात एकही चूक नव्हती.

‘‘मग पुढच्या पानावर नीट लिहा ना तसं,’’ मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. ‘‘नुसतं सोबत लिहिलं तर कोणीही माणूसच समजेल.’’

‘‘वीस वर्षं हाच फॉर्म आहे. अजून कोणी माणूस आणलेला नाही.’’ तो हसत नव्हता, हे त्याचे उपकारच. ‘‘आणि स्वतंत्र म्हणजे स्वतंत्रच की. एकटं जायला चालतंच. तुमचा दाखला द्या, मी आत्ता शिक्का मारतो.’’

दाखला. मी वहिनीकडे बघितलं. तिच्या फाईलमध्ये सगळं होतं, तिने स्वतःसाठी भरलेला अर्जही. फोटो, प्रत, आणि कालच्या तारखेचा दवाखान्याचा दाखला, टाचणी लावून, नीट. अकराव्या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘वरीलप्रमाणे, एकूण तीन’. शाळेच्या कार्यालयात तिने जन्मभर हेच लिहिलं होतं, प्रत्येक पत्राच्या तळाशी, ‘सोबत: वरीलप्रमाणे’.

चष्मेवाल्याने तिचा अर्ज घेतला आणि चार मिनिटांत परवाना तिच्या हातात ठेवला.

मी धावत सुटले. सरकारी दवाखाना तिथून वीस मिनिटांवर आहे, मी बारा मिनिटांत पोचले. दाखल्यांच्या खोलीला कुलूप. बाजूच्या खोलीतली नर्स म्हणाली, दाखले सोमवार आणि गुरुवार. मी म्हटलं, माझा भाऊ आजारी आहे. ती म्हणाली, इथे येणाऱ्या सगळ्यांचंच कोणीतरी आजारी असतं, डॉक्टर गावाला गेलेत, शिक्का त्यांच्या कपाटात आहे. मी तिथल्या बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. एका दुसऱ्या डॉक्टरांना गाठलं, ते दातांचे निघाले. त्यांना बिचाऱ्यांना माझी दया आली, पण दातांच्या शिक्क्यावर फाटक उघडत नाही.

बाराला मी हात हलवत परत आले. वहिनी कार्यालयाच्या बाकावर तशीच बसली होती, फाईल मांडीवर ठेवून. मी तिच्या शेजारी बसले. खाली कोणीतरी टायरवर हातोडा मारत होतं आणि प्रत्येक ठोका माझ्या डोक्यात बसत होता.

‘‘तुम्ही मला सांगायला हवं होतं,’’ मी म्हणाले.

‘‘सांगत होते.’’

‘‘पुन्हा सांगायचं. ओरडून सांगायचं.’’

‘‘तुला?’’ ती म्हणाली.

मग तिने परवाना फाईलमधून काढून माझ्यापुढे धरला. ‘‘याचं काय करायचं? मी एकटी जाऊन काय करू? भाऊ तुझा.’’

माझं मन त्या पाच मिनिटांत किती वेळा उलटसुलट झालं ते मलाच ठाऊक. खरं सांगितलं असतं तर ती गेली नसती. मग दादाच्या दाराशी ह्या हिवाळ्यात कोणीच गेलं नसतं. तो वाट बघत बसला असता, मी येत नाही म्हणून चिडला असता, मग फाटक बंद झाल्याचं त्याला कळलं असतं. आणि खोटं सांगितलं तर त्याच्या दारात नेमकी तीच उभी राहणार, जिला त्याने बोलावलं नव्हतं. मला तिचा राग येत होता, तिच्या टाचणी लावलेल्या कागदांचा राग येत होता, आणि सगळ्यात जास्त राग माझा मलाच येत होता, कारण जायला मिळावं म्हणून मी आठ दिवस जिवाचं रान केलं होतं आणि एक पान उलटलं नव्हतं.

‘‘तुम्ही जा,’’ मी म्हणाले. ‘‘त्याने दोघींना बोलावलंय. एक तरी गेली पाहिजे.’’

‘‘नेमकं काय लिहिलंय?’’

‘‘दोघी या, असं.’’

‘‘बघू पत्र.’’

‘‘घरी राहिलं.’’ पिशवी माझ्या मांडीवर होती. मी तिचे बंद दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.

तिने परवाना परत फाईलमध्ये ठेवला.

शनिवारी पहाटे मी बसथांब्यावर गेले. तिने ये म्हटलं नव्हतं, पण घरी राहणं शक्यच नव्हतं. थंडी होती, बसचं इंजिन सुरू होतं, चालक काच पुसत होता. बसमध्ये सहा-सात माणसं असतील, सगळी तिकडचीच, हिवाळ्याआधी घरी परतणारी. वहिनी खिडकीशी बसली होती. मी खाली उभी राहून तिला सूचना देत होते. फाटकावर परवाना हातात ठेवा, फाईलमध्ये शोधत बसू नका. वर पोचल्यावर भराभर चालू नका. त्याने औषधं घेतली नाहीत तर दटावा, माझं ऐकतो तो, तुमचंही ऐकेल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘पत्र तुझ्या पिशवीतच होतं. तू चष्मेवाल्याला अर्ज काढून दिलास तेव्हा पाकीट दिसलं मला. ह्यांचं अक्षर मी लांबूनही ओळखते.’’

मी विचारलं, ‘‘वाचलंत?’’

‘‘वाचायला कशाला हवं? मला बोलावलं असतं तर तू ते पत्र पहिल्याच दिवशी माझ्या नाकासमोर धरलं असतंस.’’

‘‘मग तुम्ही जाताय कशाला?’’

चालकाने हॉर्न दिला. ती थोडी पुढे वाकली, म्हणजे मला ऐकू यावं म्हणून.

‘‘सोळा वर्षं मला कोणी अडवलं नव्हतं. परवाना असाच मिळाला असता, तू बघितलंसच की. चार मिनिटं लागली. मी बोलावण्याची वाट बघत राहिले आणि ह्यांनी बोलावलं नाही. आता पुढच्या वेळी विचारायला हे असतील की नाही कोणास ठाऊक. दार लावलं तोंडावर तर बाहेर बसेन. रस्ता बंद झाल्यावर मला परत कुठे पाठवणार आहेत?’’

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली. बस हलली. मी बसबरोबर चालायला लागले.

‘‘तुझं काय सांगू त्यांना?’’ तिने विचारलं.

‘‘सांगा, फॉर्म चुकला.’’

तिने मान हलवली, नाही अशी. ‘‘तुमच्या बहिणीने मला पाठवलं, असं सांगेन.’’

मी थांबले. असं काही नाही, मी तुम्हाला पाठवलं नाही, मला स्वतःला जायचं होतं, हे ओरडून सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण बस वळली आणि तिचा हात खिडकीतून आत गेला. ती जे सांगेल ते दादा खरं धरेल. त्याला वाटेल, खोडरबर शहाणी झाली. पुढचे सहा महिने मला त्याला पत्र पाठवता येणार नाही, चूक दुरुस्त करता येणार नाही. मी तिथेच रस्त्यावर उभी राहून रडले, आणि मग छापखान्यात गेले, कारण दुसरीकडे कुठे जायचं ते सुचत नव्हतं.